बसू दे तिला

माझ्या गाळ्याची आणि दिलावरभाईंच्या गाळ्याची भिंत एकच. पौडच्या एसटी स्टँडमागे गाळ्यांची जी रांग आहे, त्यात माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान, आणि पलीकडे त्यांचं चेनसॉ दुरुस्तीचं. चेनसॉ म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. आमच्याकडे तिला सगळे नुसतं मशीन म्हणतात. हे दुकान माझ्या शेजारी येणार असं कळलं तेव्हा मी गाळामालकाशी कडाकडा भांडले होते. दिवसभर तो भर्रर्र आवाज, बाई मापाला उभी राहिली तर तिचं मला आणि माझं तिला ऐकू यायचं नाही, मग छातीचं माप कमरेला लागलं तर जबाबदार कोण? तो म्हणाला, ताई, आधी महिनाभर बघा तरी. मी बघितलं आणि मुकाट्यानं गप्प बसले, कारण भिंतीपलीकडून आवाजच येत नव्हता.

पेट्रोलचा वास यायचा. पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज यायचा, माणसांच्या गप्पा, कपबशा. पण मशीनची दोरी ओढल्याचा तो खर्र आवाज कधीतरीच. एकदा खर्र, की लगेच मशीन सुरू, जराशी गुरगुरली की बंद. मला वाटलं, या माणसाकडे काम येत नसणार. चार दिवसांत गाशा गुंडाळेल बिचारा. मग लक्षात आलं की कोळवणपासून ताम्हिणीपर्यंत ज्या ज्या मशिनी चालू व्हायला नखरे करतात, त्या सगळ्या याच दारात येऊन पडतात. आणि हा माणूस त्यांची दोरी ओढतच नाही.

दिलावरभाई तांबोळी. उंच, किडकिडीत, खांद्यात जरा वाकलेले, आणि अंगात पांढरा शर्ट. मेकॅनिकनं पांढरा शर्ट घालावा हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या शर्टावर डाग पडायचा नाही, कारण त्यांना घाईच नसायची. ज्याला घाई नाही त्याच्या अंगावर ऑइल उडत नाही, असं ते म्हणायचे आणि माझ्या हातावरच्या सुईच्या टोचण्यांकडे बघायचे. इतक्या इंजिनांत हात घातलेला माणूस, पण स्वतःला साधी मोटारसायकल चालवता यायची नाही. कुठं जायचं तर धाकट्या भावाच्या टेम्पोत बसून.

त्यांची रीत ठरलेली होती. माणूस तणतणत यायचा, मशीन आपटायचा आणि म्हणायचा, भाई, चालू हुईना. दिलावरभाई गोणपाटाचं पोतं अंथरायचे, मशीन त्यावर ठेवायचे, स्वतः शेजारी मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "शेवटची बंद कशी केली?" लोक वैतागायचे. अरे, चालू होत नाही म्हणून आलोय, बंद कशी केली काय विचारतोस? पण त्यांचं म्हणणं असं, की माणसं चालू करण्याकडं लक्ष देतात, बंद करण्याकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि खोड तिथंच लागते. पेट्रोल तसंच आत ठेवून पावसाळाभर कोपऱ्यात टाकली असेल, तर तिचा घसा चिकटलेला असणार. ते ऐकलं की मालक जरा नरमायचा. मग ते त्यालाच एकदा, फक्त एकदा, दोरी ओढायला लावायचे आणि त्याच्या हाताकडे बघायचे. मग प्लग काढून नाकाशी धरायचे.

दहातल्या सहा-सातांचं दुखणं एकच असायचं. मशीन पहिल्या दोन-तीन झटक्यांत लागली नाही की माणूस चिडतो, चोक तसाच ठेवतो आणि ओढत सुटतो. प्रत्येक झटक्याला आत आणखी पेट्रोल जातं. प्लग भिजतो. भिजलेल्या प्लगाला ठिणगी पडत नाही. मग माणूस आणखी ओढतो. दिलावरभाई प्लग हुंगून म्हणायचे, "वली झालीया. बसू दे तिला." प्लग पुसून बाजूला ठेवायचे, मशीन उलटी करून आतलं पेट्रोल झटकायचे, आणि चहा सांगायचे. चहा येईपर्यंत, पिऊन होईपर्यंत, घरचं-दारचं विचारून होईपर्यंत मशीन वाळायची. मग प्लग बसवून एकच झटका. गावात म्हणायचे, दिलावर चहानं मशीन बरी करतो.

प्लग पुसायला त्यांना माझी कात्रणं लागायची. अस्तराचं पांढरं सुती कापड, तेवढंच. टेरिकॉट चालायचं नाही, रंगीत चालायचं नाही. मी कात्रणं एका पिशवीत टाकून ठेवायची आणि पिशवी भरली की ते येऊन घेऊन जायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. बायकांचं दुकान म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे, मान वळवून, आणि हात तेवढा आत. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, अहो दिलावरभाई, आत कोणी नाही, मी म्हातारी आहे नुसती. तर म्हणाले, तेवढी तर हाय न्हवं.

आता मशीनवाल्यांत दोन जाती असतात, हे मला भिंतीला कान लावून लावून कळलं होतं. एक बसवणारे, एक ओढणारे. ओढणाऱ्यांचं म्हणणं असं, की प्लग काढायची गरजच काय? चोक उघडायचा, रेस पार तळापर्यंत दाबून धरायची आणि दमानं ओढत राहायचं. आतलं पेट्रोल वाऱ्यानं निघून जातं आणि मशीन लागते. या जातीचा पुढारी म्हणजे बंडू पैलवान. एकेकाळी जत्रांतल्या कुस्त्या मारलेला, आता झाडं उतरवायची कामं घेणारा, माझ्या मांडीएवढे त्याचे दंड. त्याची आणि दिलावरभाईंची यावरून दर आठवड्याला जुंपायची. बंडू म्हणायचा, माझी लागती ओढून. दिलावरभाई म्हणायचे, लागती की, कवा कवा लागती, मी कुटं न्हाई म्हणतो? पण कवातरी लागती त्याला इलाज म्हणत न्हाईत.

एकदा बंडूनं हट्टानं त्यांच्या दारातच ओढायला सुरुवात केली. रेस दाबलेली, पाय मशीनच्या मुठीवर, आणि खर्र खर्र खर्र. मी सुई थांबवून बसले होते. शेवटी दोरी तुटली आणि तिचा दांडका त्याच्याच तोंडावर बसला. ओठ वांग्यासारखा सुजला. दिलावरभाई हसले नाहीत. त्यांनी चहा सांगितला, आणि बंडूला कप तोंडाला लावता येईना तर बशीत ओतून दिला. पैलवान बशीनं फुर्र फुर्र चहा पितोय आणि हे शेजारी बसून नवी दोरी ओवताहेत. चहा संपला, तोवर मशीन वाळली. एक झटका, आणि चालू. बंडूनं मशीन उचलली आणि तरातरा निघून गेला. पुढच्या आठवड्याला परत आला, परत भांडला. असा तो स्नेह होता.

एक मशीन आठवते. कुणाच्या तरी फार्महाऊसवरून राखणदार घेऊन आला होता. प्लग कोरडा, पेट्रोल ताजं, ठिणगी चांगली, तरी मशीन घुसमटल्यासारखी करायची आणि बंद पडायची. दिलावरभाईंनी सायलेन्सर उघडला तर आत मातीचं इवलंसं मडकं. कुंभारीण माशीनं तिथं घर केलं होतं. धूर बाहेर पडायला वाटच नाही, मग मशीन श्वास कशी घेणार? आता तुम्ही-आम्ही स्क्रूड्रायव्हर घालून ती माती फोडली असती. यांनी तार घेऊन अर्धी दुपार घातली, ते घर अख्खं काढलं आणि मागच्या खिडकीत ठेवलं. राखणदार तोंड वासून बघतोय. त्याला म्हणाले, लेकरं हायेत तिची आत. पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना ते खिडकी उघडू द्यायचे नाहीत.

दिलावरभाईंनी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा यासीन पोरवयात होता. त्याचं बघू आधी, माझं बसू दे, असं म्हणाले. ते जे बसलं ते उठलंच नाही. मी एकदा असं त्यांच्या तोंडावर बोलले आणि जीभ चावली, पण ते मनापासून हसले. यासीनमध्ये त्यांचा जीव. यासीन हिंजवडीला कंपन्यांच्या कँटीनांना भाजी पोचवायचा. निळा टेम्पो, मागं मोठ्या अक्षरांत ‘अम्मी की दुआ’. दुपारी परत आला की दारात टेम्पो लावून भोंगा वाजवायचा आणि आतूनच ओरडायचा, भाई, बसली का उठली? दिलावरभाई वर न बघता म्हणायचे, बसलीय. मग दोघं मिळून जेवायला घरी.

यासीनचं लग्नही या ‘बसू दे’नंच झालं म्हणा. रुबिना घोटवड्याची. तिच्या वडिलांनी आधी हो म्हणून मग फिरवलं. यासीनचं डोकं फिरलं, चार मित्र घेऊन भांडायला निघाला होता. दिलावरभाईंनी त्याला दारात अडवलं आणि म्हणाले, आत्ता त्यांचं मन वलं हाय, वढू नगंस, बसू दे. दोन महिने कुणी तिकडं फिरकलं नाही. मग रुबिनाचे वडील आपणहून मिठाई घेऊन आले. ही गोष्ट रुबिना स्वतः सगळ्यांना रंगवून सांगायची. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला आली की हमखास. म्हणायची, ताई, आमच्या भाईंनी मला मशीनसारखी वाळवून घरात आणली. त्या घरात तिघं होती आणि तिघं सुखात होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मेलं सुख कुणाच्या डोळ्यांवर येतं देव जाणे.

वळवाचा दिवस होता. दुपार टळत होती. वारा असा सुटला की माझ्या दारावरची पाटी उडून स्टँडात जाऊन पडली. पाठोपाठ आडवा पाऊस. तो जरा उणावतोय तोच दिलावरभाईंचा फोन वाजला. बंडू पैलवान होता. घोटवडे रस्त्याला जुना शिरीष उन्मळून टेम्पोवर पडला होता, माणूस आत अडकला होता आणि बंडूची मशीन चालू होईना. कुणाचा टेम्पो ते बंडू बोलला नाही. त्याला सांगवलं नसेल. दिलावरभाई पान्यांची पिशवी आणि पोतं घेऊन बाहेर आले, न्यायला कुणी नव्हतं म्हणून मी माझी स्कूटी काढली. निघताना मूठभर कात्रणं त्यांच्या पिशवीत कोंबली, नेहमीच्या सवयीनं.

लांबूनच मला ‘अम्मी की दुआ’ दिसलं. मी ब्रेक दाबला. दिलावरभाई मागे बसले होते, त्यांनाही दिसलं असणार, पण ते एवढंच म्हणाले, चला ताई.

शिरीषाची मुख्य फांदी टेम्पोच्या केबिनवर आडवी पडली होती आणि पत्रा यासीनच्या छातीपर्यंत आत दाबला गेला होता. एका माणसाकडे कुऱ्हाड होती. पण घाव घातला की हादरा आत बसायचा आणि यासीन कळवळायचा, म्हणून ती थांबवलेली. जेसीबी बोलावला होता, तो पलीकडे पडलेल्या विजेच्या खांबांशी अडकला होता. आणि बंडू पैलवान चिखलात उभा राहून दोरी ओढत होता, ओढत होता. त्याच्या हाताला रक्त आलं होतं. हवेत पेट्रोलचा वास इतका, की मलासुद्धा कळलं.

दिलावरभाईंनी मशीन त्याच्या हातातून घेतली. टेम्पोच्या दारालगत पोतं टाकलं, मशीन त्यावर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "शेवटची बंद कशी केली?" बंडू रडकुंडीला येऊन म्हणाला, भाई, रेस दाबून वढू द्या, आत्ता लागंल, लागतच आली होती. दिलावरभाईंनी मान हलवली आणि मांडी घालून बसले. प्लग खोलला. मशीन उलटी केली. मी माझा पदर वर धरला, पावसाचे थेंब त्यावर पडू नयेत म्हणून, त्यामुळं मी अगदी जवळ होते. आतून यासीनचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"भाई, चालू हुईना व्हय?"

"वली झालीया," दिलावरभाई म्हणाले. "बसू दे तिला."

मग यासीन म्हणाला, "व्हय भाई. बसू द्या."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. बाकीचे लोक दहा-पंधरा पावलांवर होते, आणि मागाहून जे धावत आले त्यांना काय दिसलं? सख्खा भाऊ पत्र्याखाली, आणि हा पांढरा शर्ट घालून पोत्यावर बसलाय, पांढऱ्या चिंधीनं प्लग पुसतोय. एक जण ओरडला, अरे बसतोस काय, ओढ की! दिलावरभाईंनी ऐकलं नाही. पाच मिनिटं असतील, सात असतील, मी काही घड्याळ लावून बसले नव्हते. मग त्यांनी प्लग बसवला, उभे राहिले, एक झटका दिला आणि मशीन चालू झाली. ती त्यांनी बंडूच्या हातात दिली, कारण कापण्यातला हात त्याचा. बंडूनं लोणी कापावं तशी ती फांदी कापली, टेम्पोला हादरा म्हणून बसू दिला नाही.

यासीन बाहेर आला तेव्हा शुद्धीत होता. पाणी मागितलं. एका जीपमध्ये घातला आणि दिलावरभाई, मी असे हिंजवडीच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. ती कंपन्या सुटायची वेळ. माणच्या पुढं कंपनीच्या गाड्यांची रांग लागलेली, पुढंही जाता येईना, मागंही. त्या रांगेतच तो गेला. डोकं दिलावरभाईंच्या मांडीवर होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा शर्ट डागाळलेला पाहिला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. आतून रक्त गेलंय म्हणाला. दिलावरभाईंनी त्याला एकच विचारलं, पाच-सात मिनिटं आधी काढला असता तर? डॉक्टर भला मुलगा. म्हणाला, "सांगता येत नाही, काका." मला तर वाटतं, त्यानं खोटं बोलायला हवं होतं. काही उपयोग नव्हता म्हणाला असता, तुमचा दोष आहे म्हणाला असता, काहीही चाललं असतं. हा जन्मभर खोड शोधून काढणारा माणूस. त्याला सांगितलंत, की खोड आहे का नाही तेच सांगता येत नाही.

गावाच्या तोंडाला काय हात लावणार? ‘बसला होता म्हणे’, एवढे तीन शब्द पौडातून घोटवड्याला, थेट रुबिनाच्या माहेरी गेले. मी तावातावानं भांडायची. त्याच्या सात मिनिटांचा हिशोब मांडता, मग त्या गाड्यांच्या रांगेचा कोण मांडणार? प्लग भिजलेला असताना ओढून काय कपाळ चालू होणार होती? पण ओढणारा माणूस निदान काहीतरी करताना दिसतो. बसलेला दिसत नाही.

रुबिना दिलावरभाईंशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, घर सोडलं नाही. रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, कारण यासीन नसल्यावर त्यांना घरी जेवायला जाववेना. डबा उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं फिरायची. दिलावरभाई उभे राहायचे, तिनं वर बघायची वाट बघायचे. ती बघायची नाही. मला एकदाच म्हणाले, ताई, शिव्या दिल्या तरी चालंल, पण एक शबूद बोलली तर. तेवढाच एक शब्द त्यांना हवा होता, बाकी काही नाही.

म्हणून मी रुबिनाला बोलावून घेतलं. समोर बसवलं आणि यासीन काय म्हणाला ते सांगितलं. तोच ‘बसू द्या’ म्हणाला गं, मी ऐकलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, ते भाईंच्या शब्दाला कधी न्हाई म्हणालेच न्हाईत." आणि उठून गेली. चांगलं करायला गेले आणि तिच्या मनात आणखी एक सुई टोचून ठेवली.

बंडू पैलवानानं त्या दिवसाची मशीन दिलावरभाईंच्या दारात आणून ठेवली आणि परत न्यायला आलाच नाही. त्यानं बॅटरीवरची घेतली. बटण दाबलं की चालू, ना पेट्रोल ना प्लग. हळूहळू बाकीच्यांनीही तशाच घेतल्या. कोण दुखावून येईनासा झाला आणि कोण बॅटरीमुळं, हे कळायला मार्ग नाही. दुकानात ती एकच मशीन उरली.

मग दिवाळीनंतर कधीतरी भिंतीपलीकडून खर्र आवाज आला. थांबून पुन्हा खर्र. मग येतच राहिला. मी ब्लाऊजची बाही उलटी जोडली. उठून बघायला गेले तर दिलावरभाई उभे होते. उभे राहून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाय मुठीवर, रेस दाबलेली, आणि ओढताहेत. पेट्रोलचा वास भपकन नाकात गेला. मी म्हटलं, अहो, ओली झालीय ती. ते म्हणाले, "म्हाईत हाय. मीच केलीया." मग धापा टाकत त्यांनी सांगितलं. आधी चोक लावून, त्या दिवशी बंडूनं केली होती तशीच ती भिजवायची. मग प्लग न काढता, मशीन बसू न देता, बंडूच्या रीतीनं ओढत राहायचं. आणि बघायचं, लागते का.

मी म्हटलं, लागली तर काय आणि नाही लागली तर काय, तो दिवस वेगळा, तो पाऊस वेगळा. ते म्हणाले, मशीन तीच हाय.

रोज दुपारपर्यंत हे चालायचं. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तळहाताला फोड. मशीन लागायची नाही. आणि खरं सांगू, संध्याकाळी ते शटर ओढायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा निवांतपणा असायचा. आजही लागली नाही. म्हणजे त्या दिवशीही लागली नसती. एवढ्या आधारावर ते घरी जायचे आणि झोपायचे. मीही मनातल्या मनात देवाला सांगायची, बाबा, तिला लागू देऊ नकोस. माझी कात्रणांची पिशवी खिळ्याला भरून लोंबत होती, ती न्यायला ते येत नव्हते.

आणि एके दिवशी ती लागली.

मी काजं करत होते. पलीकडे खर्र, खर्र, आणि मग एकदम भर्रर्र. मशीन पूर्ण आवाजात सुरू झाली आणि सुरूच राहिली. दिलावरभाई कधी मशीन अशी पेटू द्यायचे नाहीत. मी सुई तशीच कापडात सोडून धावले. दुकान धुरानं भरलं होतं. ते मशीन दोन्ही हातांत धरून उभे होते, पात्याची साखळी गरगर फिरत होती, आणि ते तिच्याकडे बघत होते. मी ओरडले, बंद करा. त्यांना ऐकू गेलं नसावं. मग त्यांनी अंगठ्यानं बटण खाली केलं. कानात दडे बसल्यासारखं शांत झालं.

तेवढ्यात रुबिना डबा घेऊन दारात आली. तिनंही बाहेरून आवाज ऐकला असणार. तिनं ती मशीन ओळखली, सगळ्या पौडाला ती ओळखू यायची. मी घाईघाईनं बोलून गेले, चांगली वाळू दिली होती भाईंनी, म्हणून लागली. माझ्याच आवाजातलं खोटं मला ऐकू आलं.

दिलावरभाई म्हणाले, "न्हाई. बसू दिली न्हाई. वली असताना वढली, आन् लागली." हे ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले.

रुबिनाच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मग तिनं डबा उंबऱ्यावर न ठेवता आत आणला, पोत्यावर त्यांच्यापुढं ठेवला, आणि त्यांच्या फोड आलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "जेवून घ्या, भाई."

वळवापासून जो एक शब्द ते मागत होते, तो असा आला. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, बसेल, डबा उघडेल. मी पोरीचा हात धरून तिला बाहेर घेतलं, म्हटलं जेवू दे त्यांना सुखानं, आणि ती गेली.

माझ्याकडे एक बाई मापाला आलेली होती. तिचं आटोपून मी भरलेली कात्रणांची पिशवी खिळ्यावरून काढली आणि पलीकडे गेले. दिलावरभाई पोत्यावर मांडी घालून बसले होते, पूर्वीसारखे. एका बाजूला मशीन, एका बाजूला डबा. डब्याचं झाकण लावलेलंच होतं. मी म्हटलं, दिलावरभाई, गार झालं असेल, घ्या ना दोन घास. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, या ताई, आत या. मी आत गेले. ते म्हणाले, "ती ‘भाई’ म्हणाली, त्यो शबूद आयकला न्हवं तुमी?" मी म्हटलं, ऐकला की. ते म्हणाले, "तिला आजून कळलं न्हाई ताई, त्या दिवशीबी वढून लागली असती ती. कळंल तवा त्यो शबूद परत न्यायला ईल. बसू दे त्याला."

मी पिशवी ठेवून परत आले. संध्याकाळी शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी दारात उभी होते. ते स्टँडकडे चालत निघाले होते, शर्टाच्या पाठीवर ऑइलचा लांब पट्टा होता, आणि हात रिकामे होते. डबा आतच राहिला होता.